दहावं नाव

विष्णू ढोमणेचं दाढीचं सामान पाहिलं असतंत तर तुम्हाला वाटलं असतं, हा गडी रोज कुठल्या तरी ऑफिसात जात असणार. पत्र्याच्या डबीत ब्रश, साबणाची वडी, रेझर आणि तळहाताएवढा आरसा. सकाळी साडेपाचला जबलपूरच्या ग्वारीघाटाच्या नळावर आरसा खिळ्याला लटकवायचा आणि दाढी घोटायची, हा नेम. जानेवारीची थंडी असो की मे महिन्याची लू. मग बुटांना पॉलिश. नळावरची माणसं त्याला 'फौजी दादा' म्हणायची. दादा झोपतात कुठे, हे कोणी विचारलं नाही. चकचकीत बूट घातलेल्या माणसाला घर नसेल, असं कोणाच्या मनात तरी कशाला येईल?

घर नव्हतं. गेलं, असंही म्हणता यायचं नाही, कारण ते कधी नव्हतंच. बाप डिफेन्सच्या कारखान्यात फिटर, म्हणून विष्णू कारखान्याच्या क्वार्टरमध्ये जन्मला. बाप रिटायर झाला, क्वार्टर परत गेलं. पुढे विष्णू फौजेच्या सिग्नल दलात, टेलिफोनच्या तारा ओढणारा लाइनमन म्हणून भरती झाला. आधी बराक मिळाली, लग्न झाल्यावर फॅमिली क्वार्टर. बारा वर्षं झाली आणि त्याच्या बायकोच्या, मीराच्या, दोन्ही किडन्या कामातून गेल्या. घरी करणारं दुसरं कोणी नाही. विष्णूनं घरगुती कारण लिहून दिलं आणि नोकरी सोडली. पंधरा वर्षं भरली असती तर पेन्शन बसली असती, तीन कमी पडली. आता शहाणे म्हणतात, थोडी कळ काढायची होती. म्हणणाऱ्याच्या बापाचं काय जातं? मीराला कळ काढायला सवड नव्हती. चार वर्षांत ती गेली. मूलबाळ नव्हतं.

मग सिक्युरिटीची नोकरी. कधी लग्नाच्या गार्डनवर, कधी गोदामावर, शेवटी शहरातल्याच गोरखपूर भागातल्या एका शोरूमवर. जिथे ड्यूटी, तिथल्याच गेटाजवळच्या केबिनमध्ये मुक्काम. एकट्या माणसाला कोण खोली देतो, आणि हवी तरी कशाला, असं करत वर्षं निघून गेली. साठ पूर्ण झाल्यावर एजन्सीच्या पोरानं 'अंकलजी, ऊपर से ऑर्डर है' म्हणून केबिनची किल्ली मागून घेतली. विष्णूनं आपली काळी ट्रंक एका सायकल दुरुस्तीवाल्याकडे ठेवली आणि संध्याकाळी पहिल्यांदाच त्याला जायला कुठे जागा नव्हती. तेव्हापासून दोन वर्षं असंच. काही दिवस घाट, काही दिवस स्टेशन. पाऊस लागला की मोठ्या दवाखान्याचा व्हरांडा, तिथे पेशंटचा नातेवाईक म्हणून खपून जाता येतं.

त्या नळावरच ऋचा गद्रे त्याला भेटली. जबलपूरचीच मुलगी. घर सोडून रस्त्यावर आलेल्या माजी सैनिकांवर दिल्लीची एक संस्था अभ्यास करत होती, त्यात शहरातली माहिती गोळा करायचं काम हिच्याकडे. हातात फायली, चेहरा रडकुंडीला आलेला.

"काका, पंद्रह दिन हो गए," ती म्हणाली. "एक पण माणूस नाही भेटला. सगळे ॲड्रेस सांगतात. मराठी समजते मला, बोलता बरोबर नाही येत, सॉरी."

"काय विचारून राहिल्या तुम्ही?"

"पहिला क्वेश्चन, आप कहाँ रहते हैं."

विष्णूला हसू आलं. "अहो बाई, फौजीला झोपेतून उठवून विचारा, तो गाव, डाकखाना, तहसील, जिल्हा, सगळं घडाघडा म्हणून दाखवल. तिकडं घर पडून वीस वर्षं झाली असन, तरी म्हणल. कागदावर लिहिलं आहे ना त्याच्या! असं नका विचारू. विचारा, काल रात्री बूट कुठं काढले?"

"बूट?"

"ज्याले घर आहे तो बूट काढून झोपते. ज्याले नाही तो पायातच ठेवते. काढले की सकाळी दुसऱ्याच्या पायात!"

ऋचानं ते लगेच लिहून घेतलं. आणि काय सांगावं, दहा दिवसांत नऊ माणसं सापडली! विष्णूच तिला घेऊन फिरला, कारण कोण कुठे अंग टाकतो हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? पहिला सौंसरकडचा रामकृष्ण, फौजेत लंगरचा कुक होता, हात भाजला म्हणून वेळेआधी घरी पाठवलेला. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याची आणि विष्णूची पथारी शेजारी शेजारी असे. बुटांचा प्रश्न ऐकला आणि रामकृष्णानं मान खाली घातली. "नाही काढले, बाई," तो म्हणाला. "तीन महिने झाले."

ऋचा सगळ्यांना सांगायची, "हे आमचे काका, वॉलंटियर." विष्णू ताठ उभा राहायचा. तिनं नऊ जणांना बुटांचं विचारलं, पण ज्यानं प्रश्न शिकवला त्याला मात्र विचारलं नाही. तिचा दोष नाही म्हणा, पोरगी साधी होती. पण हाही लेकाचा कमी नाही! रोज ठरवायचा, आज सांगतो, आणि रोज त्या 'वॉलंटियर' शब्दानं छाती फुगवून परत यायचा. नऊ जणांना त्यानं बजावून ठेवलं होतं, "माझं बाईंना मी सांगीन. तुम्ही नका बोलू."

मग एक दिवस ऋचानं सगळी गोष्ट सांगितली. सिव्हिल लाइन्समध्ये माजी सैनिकांसाठी बांधलेलं बारा खोल्यांचं वसतिगृह एका समितीच्या ताब्यात होतं, बांधून झाल्यापासून कुलपात. समितीचं म्हणणं, शहरात खरोखर बेघर असलेले किमान दहा फौजी दाखवा, समोर येऊन स्वतःच्या तोंडानं सांगू द्या, दुसऱ्या दिवशी कुलूप काढतो. नाहीतर इमारत दुसऱ्या कामाला लावू.

"नऊ आहेत, काका," ऋचा म्हणाली. "सिर्फ एक कम पड़ रहा है. दहावा कुठून आणू?"

विष्णूच्या ओठांवर आलं होतं. पण तो म्हणाला, "मिळन, बाई. त्या दिवशी घेऊन येतो."

समितीच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी त्यानं नऊ जणांना घाटावर जमवलं. सगळ्यांत सीनियर तोच, नायक विष्णू ढोमणे. "उद्या घाबरायचं नाही," तो म्हणाला. "पहिले मी उभा राहीन. साफ सांगीन, साहब, मला घर नाही. माझ्यामागून एकेक जण. बस्स."

"दादा, तुम्ही बोलले की आम्ही बोललोच समजा," रामकृष्ण म्हणाला. खोली मिळाली तर आपण सगळ्यांचा स्वयंपाक करू, हेही त्यानं सांगून टाकलं. भाजलेल्या हातानंसुद्धा पोळ्या गोल येतात म्हणे.

सकाळी दहाजण दाढ्या करून सिव्हिल लाइन्समधल्या समितीच्या ऑफिसात रांगेत बसले. ऋचानं दहा फॉर्म काढून ठेवले, दहावा कोरा. "आया क्या, काका?" तिनं खुणेनं विचारलं. विष्णूनं मान डोलावली.

आणि आत आले समितीचे अध्यक्ष, कर्नल दिवाकर. विष्णूनं पाहिलं आणि ओळखलं. तीस वर्षांपूर्वी हेच त्याचे कॅप्टन साहेब होते! केस पांढरे झालेले, चाल तीच. साहेबांनी पण ओळखलं. ओळखणारच. लडाखात बर्फानं टेलिफोनची तार तुटली तेव्हा रात्रभर गुडघ्यानं सरपटत ती जोडणारा लाइनमन कोण विसरेल?

"अरे, विष्णू! तू?" साहेबांनी त्याला चक्क मिठी मारली. मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "देखो, यह है मेरा सबसे बढ़िया लाइनमन. इसकी जोड़ी तार फिर कभी नहीं टूटी." आणि विष्णूच्या बुटांकडे बघून, "आज भी वही पॉलिश! शाबाश. तो तुम इन बेचारों की मदद कर रहे हो?"

ऋचा कौतुकानं म्हणाली, "जी सर, काका ने ही सबको ढूँढा."

आता फौजेतली एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पलटणीत महिन्याकाठी दरबार भरतो. मोठे साहेब बोलतात, जवान ऐकतात. शेवटी साहेब विचारतात, "किसी का कोई पॉइंट?" म्हणजे कोणाची काही अडचण, तक्रार? आणि अडीचशे गडी एका दमात ओरडतात, "नहीं साहब!" कोणाची सुट्टी अडलेली असते, कोणाची आई अंथरुणावर असते, तरी "नहीं साहब!" मीराचा पहिला रिपोर्ट आला त्या महिन्यातसुद्धा विष्णू त्या अडीचशेंत ओरडला होता.

कर्नल साहेब खुर्चीत बसले. माणूस वाईट नव्हता, मनापासून विचारत होता. "विष्णू, सीनियर तुम हो. पहले तुम बताओ. कोई पॉइंट?"

विष्णू उठला. रात्रभर घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. मागे नऊ माणसं श्वास धरून. समोर ते साहेब, ज्यांच्या डोळ्यांत तो अजून तीस वर्षांचा होता आणि त्याची तार तुटलेली नव्हती. टाचा आपोआप जुळल्या.

"नहीं साहब," तो म्हणाला. "सब ठीक है."

ऋचानं चमकून पाहिलं. साहेबांनी पुढच्याकडे मान केली, रामकृष्णाकडे. रामकृष्ण विष्णूच्या पाठीकडे बघत राहिला. मग उभा राहिला. "नहीं साहब. सब ठीक है." तिसरा, चौथा, असं करत शेवटचा. सगळे ठीक! देशात इतकी सुखी माणसं एका खोलीत कधी जमली नसतील.

"सर, लेकिन फॉर्म में इन्होंने..." ऋचाचा आवाज फुटला.

"बेटा," कर्नल साहेब प्रेमानं म्हणाले, "फौजी झूठ नहीं बोलता."

समितीसमोर सगळ्यांनी नाकारलं म्हणून नऊही फॉर्म बाद झाले आणि संस्थेच्या अहवालात जबलपूरसमोर शून्य पडलं. मागच्या पानावर आभार मानले होते, त्यात विष्णूचं नाव होतं. ऋचा त्याला शोधत घाटावर आली. "काका, काहून असं केलं?" तिनं विचारलं. आजीकडून उचललेला शब्द असावा. "आणि दसवाँ कौन था?" विष्णू नळ चालू करून तोंड धूत राहिला. पाणी वाहत होतं तोवर ती थांबली. मग गेली.

पंधरा दिवसांनी साहेबांचा फोन, नंबर त्यांनी त्या दिवशीच घेतला होता. वसतिगृहाची गरज नाही हे सिद्ध झालं होतं, पण दुसऱ्या कामाला लागेपर्यंत इमारत मोकळी ठेवली तर भिकारी घुसतील. भरवशाचा माणूस हवा. "और तुमसे भरोसेमंद कौन? गेट पर केबिन है, आराम से रहना. बस एक बात, अंदर कोई सोने न पाए."

गेला विष्णू. थू म्हणा हवं तर, तो स्वतःही म्हणतच होता. पण दोन वर्षांनी बूट काढून झोपायला मिळालं. पहिल्या रात्री त्यानं ते पलंगाखाली ठेवले आणि तीनदा हात घालून चाचपून पाहिले.

जानेवारीत हाडं फोडणारी थंडी पडली. एका संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी गेटाशी कोणी येऊन उभं राहिलं. गेटावरचा बल्ब गेलेला होता, चेहरा दिसेना. मग खोकला ऐकू आला आणि विष्णूनं ओळखलं. रामकृष्ण होता. काखेत बोचकं. दवाखान्याच्या व्हरांड्याला जाळी बसवली होती, नातेवाइकांना पास केले होते.

"राम राम, दादा."

"राम राम."

रामकृष्णानं गजांतून आत बघितलं. अंधारात बारा दारं, बारा कुलपं. बाराच्या बारा किल्ल्या विष्णूच्या कमरेला.

"स्वयंपाकघर कोणत्या बाजूले आहे?" त्यानं विचारलं.

"मागच्या."

"अच्छा." त्यानं बोचकं दुसऱ्या काखेत घेतलं. "दादा, तुम्ही बोलले असते ना, तर मी बी बोललो असतो."

आवाजात राग नव्हता. राग असता तर विष्णूला झेपला असता. त्याचा हात किल्ल्यांवर गेला. "रामकृष्णा, थांब," तो म्हणाला. "साहेबाले विचारतो. आत्ता विचारतो. थांब तू इथं."

केबिनमध्ये जाऊन त्यानं फोन लावला. दुसऱ्या घंटीला साहेबांनी उचलला.

"हाँ विष्णू! सब ठीक?"

"जी साहब." विष्णूनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "साहब, एक पॉइंट था."

"बोलो बोलो," साहेब म्हणाले, आणि थांबले. खरंच थांबले, घाई केली नाही. मागे त्यांच्या घरात कोणीतरी हसत होतं. "बोलो विष्णू, क्या चाहिए?"

विष्णूनं तोंड उघडलं. खिडकीतून त्याला गेट दिसत होतं, आणि गेटाशी ते बोचकं. पलंगाखाली स्वतःचे बूटही दिसत होते.

"साहब," तो म्हणाला, "गेट का बल्ब गया है."

तो बाहेर आला तेव्हा गेटाशी कोणी नव्हतं. रस्त्यापर्यंत जाऊन त्यानं दोनदा हाक मारली. पुढचे दोन दिवस त्यानं घाट पाहिला, स्टेशन पाहिलं, दवाखान्याची जाळी पाहिली. रामकृष्ण कोणालाच दिसला नव्हता.

बल्ब मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आला. साहेबांनी एक नाही, दोन पाठवले होते, आणि लावायला माणूससुद्धा. मागितलं की मिळतं, हे विष्णू ढोमणेला बासष्टाव्या वर्षी कळलं.