लाल दोरीचा खल

“लाल दोरीवाला खल कुठे ठेवला, मावशी?” मॅडमनी विचारलं.

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “दोरी पार चिक्कट झाली होती. कापून टाकली काल. दोन्ही खल राखेनं घासून चकाचक करून ठेवले फळीवर.”

हातातली डबी मॅडमनी सावकाश खाली ठेवली.

मॅडम म्हणजे आमच्या वैद्य. शहरातल्या महाल भागात त्यांचा दवाखाना. वयानं माझ्या मुलीएवढ्या. मी तेव्हा सत्तावन्न वर्षांची, आणि तीन महिन्यांची शिकाऊ. झाडपाला मला लहानपणापासून ओळखू यायचा, पुस्तकंही पुष्कळ वाचली होती. पण पान ओळखणं वेगळं आणि औषध बनवणं वेगळं. रोगी तपासून औषध ठरवायचं ते मॅडमनी. मी निवडायचं, कुटायचं, घोटायचं, पुड्या बांधायच्या.

घोटायला काळ्या दगडाचे दोन खल होते. एक रोजचा. दुसरा फक्त बचनागाचा. बचनाग हे विषारी मूळ. शुद्ध करून अगदी कणभर वापरतात, तेही जाणत्या माणसानं. म्हणून त्याच्या खलाला लाल दोरी. पहिल्याच दिवशी मला हे सांगितलं होतं, मी मानही हलवली होती. पण पस्तीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळलेली बाई मी! मळकी दोरी दिसली की हात कात्रीकडे जातो. घासलं म्हणजे भांडं स्वच्छ, एवढंच डोक्यात.

“आणि सकाळी त्या नरखेडच्या पोरीची पुडी कशात घोटली?”

मी फळीकडे पाहिलं. दोन काळे खल. शेजारी शेजारी. अगदी सारखे.

“मले... मले आठवून नाही राहिलं, मॅडम.”

“दगडात बारीक छिद्रं असतात, मावशी. राखेनं ती रिकामी होत नाहीत.”

पोरगी तीन वर्षांची. गौरी. खोकल्यासाठी आई घेऊन आली होती, दुर्गा तिचं नाव. ज्येष्ठमध आणि पिंपळीच्या सहा पुड्या मीच बांधून दिल्या होत्या. वर शहाणपणानं सांगितलंही होतं, “मधात दे वं, गटकन घेईल.”

बत्त्याला थोडी पूड चिकटलेली दिसली. मी बोटावर घेतली आणि जिभेकडे नेली. बचनागानं जिभेला मुंग्या येतात, हे वाचलेलं होतं. मॅडमनी माझ्या हातावर फटकाच मारला.

“तुमच्या जिभेला काही झालं नाही म्हणून त्या लेकराला होणार नाही, असं कोणी सांगितलं? फोन लावा तिला.”

फोन बंद. पुन्हा लावला. बंद. साडेअकराच्या एसटीनं जाणार म्हणाली होती, आणि आता साडेबारा होत आले होते. मॅडमनी स्कूटी काढली, मी मागे बसले. बसस्थानकापर्यंत पाच-सात मिनिटं लागली असतील. माझेच ओठ बधिर झाल्यासारखे वाटत होते. भीतीनं होतंय की मघाशी ओठाला काही लागलं, तेही कळेना.

चौकशीच्या खिडकीत मॅडमनी खोटं काही सांगितलं नाही. “आमच्याकडून औषधात चूक झाली असेल. त्या गाडीत लहान मुलगी आहे.” खिडकीतल्या माणसानं एक प्रश्न न विचारता कंडक्टरचा नंबर लावून दिला.

“हो जी, आहे एक बाई पोरगी घेऊन,” कंडक्टर म्हणाला. “पोरगी बिस्कूट खाऊन राहिली. काहून, काय झालं?”

“तिला फोन द्या.”

दुर्गाचा आवाज आला. मॅडमनी विचारलं, “पुडी दिली का?”

“दिली ना जी एक. गाडीत लई खोकलत होती. पाण्यातच दिली.”

मॅडमनी डोळे मिटले. मग अगदी शांतपणे एकेक गोष्ट सांगितली. दुसरी पुडी द्यायची नाही. वाटेत काटोलला उतरायचं, तिथून सरळ सरकारी दवाखान्यात. उरलेल्या पुड्या डॉक्टरांच्या हातात द्यायच्या. आम्ही येतोय. कंडक्टर मधूनच ओरडला, “मी गाडी दवाखान्यापाशीच लावतो, मॅडम. पाशिंजर बोंबलले तर बोंबलू द्या!”

आम्ही टॅक्सी केली. रस्ताभर मॅडम तिथल्या डॉक्टरांशी बोलत होत्या.

“बचनाग? किती गेला असेल?” डॉक्टरांनी विचारलं.

“माहीत नाही. कदाचित काहीच नाही.”

बचनागाचा घाव हृदयाच्या ठोक्यांवर पडतो. आम्ही पोहोचलो तेव्हा गौरीच्या छातीला वायरी लावलेल्या होत्या, आणि ती त्या ओढायला बघत होती. दुर्गानं मला पाहिलं.

“तुमीच तं म्हणाल्या होत्या, मावशी, गटकन घेईल म्हणून.”

मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले. नर्स दर थोड्या वेळानं यायची, ओठ बघायची, नाडी धरायची. नर्सनं जरा जास्त वेळ नाडी धरली की मीही मनातल्या मनात ठोके मोजायचे. एकदा गौरीला उलटी झाली. डॉक्टर म्हणाले, बिस्किटं जास्त झाली असतील, पण अजून बघू. ते ‘अजून बघू’ सहा तास चाललं.

ठोके शेवटपर्यंत नीट राहिले. गौरीला सुट्टी मिळाली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दोन्ही खल कायमचे काढून टाकले. मला काढलं नाही. दवाखान्याचं रजिस्टर पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, “काय झालं ते तुमच्या हातानं लिहा. स्वतःला शिव्या नका देऊ, फक्त काय केलं ते लिहा.” लिहायला मला अख्खी दुपार लागली.

दुर्गा पुन्हा आमच्याकडे आली नाही. तिच्या जागी मी असते तर मीही आले नसते.

त्याला आता काही वर्षं झाली. माझ्या हाताखाली दोघी शिकतात. त्यांना हे सांगितलं की म्हणतात, “पोरीले काही झालं नाही, म्हणजे खल बरोबरच असंल ना, मावशी.” असेल. मला माहीत नाही, आणि आता कधी कळणारही नाही. पुडी बांधणाऱ्या बाईवर ‘मला माहीत नाही’ म्हणायची वेळ आली, की औषध तिथंच बिघडलं. मग पोरगी वाचो की न वाचो.