मालतीबाईंच्या मापाची सायकल

सुरतेत पर्वत पाटिया भागात राहणाऱ्या मालतीबाईंनी उभी हयात दुसऱ्यांच्या मापाचे ब्लाउज शिवले आणि स्वतः मात्र नवऱ्याच्या उंच सायकलवरून धडपडत राहिल्या. शेवटी वैतागून त्या मापानुसार सायकली बांधणाऱ्या धुडकूभाऊंकडे गेल्या. भाऊंनी टेप काढला तेव्हा बाई बिचकल्याच. आजवर त्यांचं माप कुणी घेतलंच नव्हतं! तरी सवयीने बोलून गेल्या, "भाऊ, पुढे वाढवता येईल एवढी जागा ठेवा हं."

धुडकूभाऊ हसत सुटले. "ताई, या वयात पाय काय वाढायचे आता?"

सायकल झाली. चेन बसवणं, ब्रेक आवळणं, तेल देणं बाई तिथेच बसून शिकल्या. इतकी वर्षं शिलाई मशीन दुसरं कोण सांभाळत होतं?

एकदा गल्लीतच चेन उतरली. नवरा, योगराज, धावत आला. "सरक, तुला नाही जमायचं."

"हात लावू नका!" बाईंनी चेन चढवली, काळे हात चिंधीला पुसले.

योगराज खूश झाला. "वा! मी मारू एक चक्कर?" असं म्हणत तो बसलाही, तर गुडघे हँडलला आपटले.

बाई खदखदून हसल्या. "अहो, उतरा, शिवण उसवेल! तुम्ही तुमच्या मापाची शिवून घ्या."