रशियन पिक्चर आणि माणदेशी पाहुणा

आमच्या घरी मुलगा बघायला यायचा तेव्हा पोहे मी करायचे, पण परीक्षा मुलाची व्हायची आणि पेपर टीव्हीवर असायचा. वडील, म्हणजे आमचे आण्णा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. उमेदीची सगळी वर्षं रशियन बनावटीच्या रणगाड्यावर गेल्यामुळे रशियातून आलेली कुठलीही वस्तू त्यांच्या लेखी अव्वल. घरी रणगाडा ठेवता येईना, म्हणून त्यांनी हिंदीत डब केलेल्या रशियन पिक्चरांवर भागवलं. कुंडलजवळच्या आमच्या वस्तीवर सोबत बघायला दुसरं कुणी मिळायचं नाही, त्यामुळे आलेला पाहुणा तावडीत सापडायचा.

आधीचे दोघे असेच गेले. एकानं पिक्चर चालू असताना मोबाइल काढला. दुसऱ्यानं "अजून किती राहिलाय?" असं विचारलं. आण्णांनी दोघांनाही चहा पाजला आणि वाटेला लावलं. "पिक्चरला दम धरत न्हाई, त्यो संसाराला काय धरणार?" त्या दोघांचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही. पण तिसरा माणदेशातून यायचा होता, आणि तो मला हवा होता.

तो जनावरांचा डॉक्टर. स्थळ मावशीनं आणलेलं. मी सांगलीत औषधांच्या दुकानात काम करते, तिथं जवळच आम्ही एकदा चहाला भेटलो होतो. त्यानं स्वतःची एकही बढाई मारली नाही, आणि कुठल्याशा शेळीच्या बाळंतपणाची गोष्ट अशी रंगवून सांगितली की माझा चहा गार झाला. घरी येऊन आईला म्हटलं, हाच. आई म्हणाली, "मला लय पसंत हाय गं. पर तुजा बाप?" अडचण उघड होती. आण्णांना जावई फौजी हवा होता. मेंढरांना सुया टोचणारा माणूस त्यांच्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हता.

रविवारी दुपारी तो मोटरसायकलवरून एकटाच आला, कारण आण्णांनी तसंच फर्मावलं होतं. मी त्याला फोनवर आधीच पढवून ठेवलं होतं: मोबाइल बंद कर, वेळ विचारू नको आणि रशियाला नावं ठेवू नको.

पिक्चर नवा होता. बर्फात एक लष्करी तळ, प्रयोगशाळेतून सुटलेला विषाणू, आणि त्याच्याशी लढायला पाठवलेली सैनिकांची तुकडी. लागण झाली की माणसाचे डोळे निळे पडायचे आणि तो आपल्याच सोबत्यांवर धावून जायचा. कॅप्टन हिंदीत "मेरे शेरों" म्हणून गरजायचा, ओठ मात्र नंतर हलायचे. आण्णा घडोघडी पिक्चर थांबवून शेरे मारत होते.

"हे बघा पावणं, बंदुकीचं तोंड कुठं हाय? म्होरच्याच्या पाठीत! आनि ही सगळी एकदम झोपली. पहाऱ्याला कोण? तुजा आजा?"

"व्हय मामा," पाहुणा म्हणाला.

"आनि मास्क बघा ह्येचा, हनुवटीला. इषाणू काय हनुवटीतनं जातोय व्हय?"

पाहुणा मनापासून हसला. आण्णाही हसले आणि "अजून पोहे आणा" अशी हाक आली. आत आईनं मला कोपरानं ढोसलं. दुसऱ्यांदा पोहे आजवर कुणालाच मिळाले नव्हते.

तेवढ्यात पिक्चरमध्ये एका तरण्या सैनिकाला लागण झाली. कॅप्टननं त्याला तळघरात कोंडलं, दाराला कडी घातली आणि बाकीच्यांना घेऊन तो पुढं निघाला. आण्णांनी चित्र थांबवलं.

"बोला पावणं. तुमी कॅप्टन असता तर?"

आमच्या घरात याचं उत्तर म्हशींनासुद्धा पाठ होतं. खांद्यावर घ्यायचा आणि न्यायचा. मी दाराआडून स्वतःच्या खांद्यावर थापा मारून दाखवल्या. त्यानं माझ्याकडं बघितलं, त्याला कळलंही. आणि तरी तो म्हणाला, "मामा, मीबी त्याला कोंडलाच असता."

मी कपाळावर हात मारून घेतला. शेळीची गोष्ट सांगणारा माणूस जरा खोटं बोलला असता तर त्याचं काय बिघडत होतं?

"आपला माणूस मागं टाकायचा?" आण्णांचा आवाज चढला.

"टाकायचा न्हाई, येगळा ठेवायचा. न्हाईतर सगळा कळप जातोय."

"ही माणसं हायत. मेंढरं न्हाईत!"

"व्हय की. पर मेंढरूसुदिक एकटं कोंडलं की चारा सोडतंय, मामा. रोगानं जायच्या आदी त्यानंच जातंय. म्हणून आमी थोड्या अंतरावर दुसरं एक बांधतो. जवळ न्हाई, पर दिसंल असं. कॅप्टननं कोंडला ते बरोबर. समोर कुणी बसवलं न्हाई, तिथं चुकलं."

आण्णांनी रिमोट खाली ठेवला. मला वाटलं, संपलं सगळं. मग ते टीव्हीकडंच बघत म्हणाले, "करोनात मी रानातल्या खोलीत हुतो."

हे आम्हाला ठाऊक होतं. ताप आल्या दिवशीच ते वळकटी घेऊन स्वतःहून तिकडं गेले होते. आईला ताकीद होती, ताट बाहेर ठेवायचं आणि थांबायचं नाही. मला फोनवर रोज "एकदम फिट" सांगायचे. नंतरही त्या दिवसांची आठवण काढली ती फक्त स्वतःच्या शिस्तीचं कौतुक करायला.

"ताट ठेवल्याला आवाज यायचा," ते म्हणाले. "खिडकीपातूर येस्तवर ही गेल्याली असायची. बरा हुस्तवर हिचं त्वांड दिसलं न्हाई मला. घास उतरायचा न्हाई."

आई चहा घेऊन दारात उभी होती. "आवं, तुमीच म्हणला हुतासा, थांबायचं न्हाई म्हणून."

"म्हणलो हुतो."

"उसाच्या आड हुबी ऱ्हायची मी. तुमी ताट आत न्हेस्तवर."

आण्णांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं. "मग म्होरं का आली न्हाईस?"

"तुमी रागं भरला असता."

आण्णांनी चष्मा काढून धोतराला पुसला. पुसायला बराच वेळ लागला. मग ते पाहुण्याकडं वळले.

"आमची पोरगी आजारी पडली तर समोर बसायचं, पावणं. ती जा म्हणली तरी उठायचं न्हाई."

"न्हाई उठणार, मामा," तो म्हणाला.

मी ओट्याला टेकून घळाघळा रडले. त्या कॅप्टनचं पुढं काय झालं, ते आमच्या घरात अजून कुणाला माहीत नाही.