पायपुसण्याखालची बत्ती

आमच्या घराला दार नाही.

चोरीला गेलं, मोडलं, रंगवायला काढलंय, असलं काही नाही. कधी नव्हतंच! आम्ही शनिशिंगणापूरचे. चौकट आहे, उंबरा आहे, कुत्री आत शिरू नयेत म्हणून टेकवायला एक फळी आहे. कडी-कुलूप नाही. शनिदेव राखतात. त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण देव चोरांपासून राखतात हो! शेजाऱ्यांपासून राखायचं त्यांनी कुठं कबूल केलंय?

समोरच्या गोदाआत्या (नात्यानं कुणाच्याच आत्या नाहीत, हक्कानं सगळ्या गल्लीच्या) विरजण मागायला येतात त्या थेट आतल्या खोलीत. हाक नाही, खाकरणं नाही. त्या दिवशी मी टॉवेल गुंडाळून आरशासमोर उभा होतो. डोक्याला काळा कलप फासलेला, मिशी अर्धी रंगवून झालेली.

"अगंबाई!" आत्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तुजी केसं खरंच काळी हाईत."

संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली माझ्याशी बोलताना माझ्या मिशीकडं बघत होती.

"काहीतरी करा," बायको म्हणाली. "कोण आलंय ते आत कळायला नको का?"

हे वाक्य तिचं. तिचंच! पुढं ती ते साफ नाकारणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

तर मी केलं. नारळ-प्रसादाचं दुकान चालवत असलो तरी मी फिजिक्समधला बी.एस्सी. आहे, म्हटलं! जुन्या मोटारसायकलची बारा व्होल्टची बॅटरी घेतली, तिचाच पिवळा इंडिकेटर काढला. उंबऱ्यालगतच्या पायपुसण्याखाली पत्र्याच्या दोन पट्ट्या ठेवल्या, मध्ये स्पंजचे तुकडे. पाय पडला की स्पंज दबणार, पट्टीला पट्टी टेकणार आणि आत आरशाच्या वर बत्ती लागणार. पाय उचलला की बंद. मध्ये फ्यूजसुद्धा घातला. (कुणी कौतुक केलं? छे!)

दुसऱ्या दिवशी सकाळी बत्ती लागली. मी ऐटीत शर्टाची बटणं लावून बाहेर आलो. "या, या, गोदाआत्या!"

आत्या दचकल्या. आयुष्यात पहिल्यांदा! "तुला रं कसं कळलं?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण शोध लावलेला माणूस कधी गप्प बसलाय? पायपुसणं उचलून सगळं दाखवलं आणि वर म्हणालो, "कुणीही आत शिरलं की कळतं!"

झालं! तासाभरात गावात बातमी: दत्तूनं चोर धरायचं यंत्र बसवलंय. देवावरचा भरवसा उडाला त्याचा!

मी तडक आत्यांना गाठलं. "अहो, चोरांसाठी नाही ते. तुमच्यासाठी आहे!"

"म्हंजे मी चोर व्हय?" आत्या कडाडल्या. "आन् माझ्या पायातून झिनझिन्या गेल्या त्या येगळ्याच!"

"बारा व्होल्टनं झिणझिण्या येत नसतात! त्या तुमच्या शुगरच्या!"

हे तर अजिबातच बोलायला नको होतं.

तेवढ्यात मळ्यातून आबा आले, माझे वडील. बातमी त्यांना वाटेतच भेटली होती. उंबऱ्याबाहेर थांबले.

"आपल्या घराला कवा कडी लागली न्हाई, दत्तू."

"आबा, ही कडी नाही. दिवा आहे."

"दिवा देवापुढं लावत्यात. ह्यो कुनासाठी लावला?"

मिशीची गोष्ट बापाला कशी सांगायची?

"म्या पाय टाकला तरी लागंल?"

"लागेल की! कुणाचाही पाय—"

"बापाचा बी?"

"आबा, करंटला बाप कळत नाही!"

आबा मागं वळले आणि ओट्यावर जाऊन बसले. "ज्या घरात माझ्या पायाची चवकशी हुती, तितं मी पानी पिनार न्हाई."

आबा एकदा बोलले की बोलले. ऊन चढलेलं, म्हातारा सकाळपासून उपाशी, आणि माझ्या घराचं पाणी वर्ज्य! समोरून गोदाआत्या भाकरी-पिठल्याचं ताट घेऊन आल्या, माझ्याकडं न बघता. आबांनी ते सगळ्या गल्लीदेखत मिटक्या मारत खाल्लं.

"सासरे लोकांच्या ताटात जेवतायत!" बायको फणफणली. "कुठली अवदसा आठवली तुम्हाला?"

"तूच म्हणालीस ना, काहीतरी करा?"

"मी? दिवा लावा म्हणाले मी?"

बघा! सांगितलं नव्हतं?

"काढतो!" म्हणून मी तणतणत बाहेर आलो, तर चौकटीसमोर ही रांग! देवाचा अपमान झाला म्हणणारे सगळेच, पण काढायच्या आधी एकदा पाय टाकून बघायचं होतं प्रत्येकाला! एक जण पाय टाकी आणि बाकीचे उघड्या चौकटीतून आत माना घालून ओरडत, "लागली, लागली!" शेवटी पलीकडच्या आळीतले पैलवान तात्या दोन्ही पायांनी उभे राहिले. स्पंजचा पापड झाला. तात्या उतरले, पण बत्ती विझेना.

मी बॅटरी सोडवायला आत धावलो. ओट्यावरून आबांचा आवाज आला.

"दत्तू, बत्ती लागली म्हंजे आत कुनीतरी शिरलंय, आसंच ना?"

"हो!" मी आतून ओरडलो. शास्त्र ते शास्त्र!

"पायपुसन्यावर तर कुनी न्हाई."

"नाही!"

"मग आत कोन हाय?"

"मी!"

"घावला रं घावला!" आबांनी आरोळी ठोकली.

गल्ली हसून लोळली. तात्या तर खालीच बसले. आबा स्वतः इतके हसले की ठसका लागला, डोळ्यांना पाणी आलं. खोकत खोकतच उठले, उंबरा ओलांडून आत आले आणि माठातलं गार पाणी गटागटा प्यायले. बायकोनं सुटकेचा निःश्वास टाकला. मी बॅटरी कवटाळून तसाच उभा. माझ्या पाठीवर थाप मारून आबा म्हणाले, "यंत्र चांगलं हाय तुजं. पयल्याच दिवशी चोर धरला."

यंत्र भंगारात गेलं. पण तेव्हापासून आमच्या घरात न सांगता कुणी पाऊल टाकत नाही. दूधवाला असो, पाहुणा असो, नाहीतर गोदाआत्या, रस्त्यातूनच हाळी देतात, "चोर हाय का घरात?" आणि उत्तर येईपर्यंत बाहेर थांबतात. वायर नाही, बॅटरी नाही, स्पंज नाही. मला हवं होतं नेमकं ते झालं! फक्त दर वेळी घाईघाईनं शर्ट चढवून मला स्वतःच्याच तोंडानं ओरडावं लागतं, "हाय, हाय! या आत!"