नदीच्या वाळूतून माझ्यामागे चालणारी बाई

आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा देव्हाऱ्याबरोबर भुतंखेतंही घराबाहेर काढली, असं आमचे वडील हसत सांगायचे. त्याच घरात मी वाढले. पुढे नांदेडच्या एका कॉलेजात अठ्ठावीस वर्षं फिजिक्स शिकवलं. त्यामुळे या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी करमणूक म्हणूनच वाचत आले. आता मीच लिहायला बसलेय... काय म्हणायचं ते म्हणा.

माझा मोठा भाऊ, दादा, झांबियातल्या एका जंगल कॅम्पवर गाड्यांचा मेकॅनिक आहे. मूळचे आम्ही हदगावचे. माझे मिस्टर गेले त्याला वर्ष होत आलं, तेव्हा दादाचा फोन आला. "एकटी घरात बसून काय करून राहिली? ये इकडं. लई मोकळं वाटंल."

गेले.

कॅम्प म्हणजे कोरड्या नदीच्या काठावर गवताच्या सहा झोपड्या. भिंत नाही, कुंपण नाही. तिथे जीपमधून नाही, पायी जंगल दाखवतात. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. पुढे बंदूक घेतलेला बांदा, साठीचा, अतिशय शांत माणूस. त्याच्यामागे दादा, मग मी, आणि शेवटी किटली-कप घेऊन फिरी नावाचा मदतनीस. नियम एकच – एका ओळीत चालायचं, बोलायचं नाही.

नऊच्या सुमारास नदीकाठच्या एका मोठ्या झाडाखाली फिरीने चहा केला. पिऊन झाल्यावर आम्ही तिघं पुढे निघालो. तो चूल विझवून, कप आवरून मागून येणार होता. थोडं नदीच्या वाळूतून, मग काठावर चढून झुडपांत, अशी वाट होती. वाळूत असतानाच माझ्यामागे पावलं वाजायला लागली. फिरी आला, असं समजून मी वळूनसुद्धा बघितलं नाही.

काठावर आल्यावर माझ्या बुटाची लेस सुटली. मी खाली बसले. मागची पावलंही थांबली. दादा आणि बांदा वीसेक पावलं पुढे जाऊन झुडपाआड वळले. तेवढ्यात उजवीकडे काडकन फांदी मोडली. मी दचकले, उठून दादाकडे पळणारच – आणि मागून बाईचा आवाज आला.

"उटू नको बाई. बसूनच ऱ्हा. जाऊ दे तिला."

आपली भाषा. अगदी हदगावच्या बाजारात ऐकू येते तशी.

मी तशीच बसून राहिले. उजवीकडच्या झुडपातून हत्तीण बाहेर आली. दहा पावलांवर. पोटाखाली पिल्लू. ती थांबली, कान पसरले, सोंड वर करून वास घेतला. तिच्या डोळ्याखालची ओली सुरकुती मला दिसत होती.

एक खरं सांगते. मिस्टर गेल्यापासून रोज सकाळी उठताना वाटायचं, नसते उठले तर बरं झालं असतं. कुणाला बोलले नव्हते. पण त्या क्षणी मी दोन्ही हातांनी जमीन धरून ठेवली होती. नखांत माती गेली होती. मला मरायचं नव्हतं!

हत्तीण पिल्लाला पुढे घालून नदीत उतरली. बांदा धावत आला, मागोमाग दादा. दादाचा चेहरा पांढरा पडलेला. "उठली असतीस तर संपलं होतं, माय," एवढंच तो बोलला.

"हिनं सांगितलं ना, बस म्हणून," म्हणत मी वळले.

मागे कुणीच नव्हतं.

पाचेक मिनिटांनी फिरी आला, वाळूतून, किटली हलवत. माझ्या पायांकडे बघून त्याने बांदाला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. बांदाने मला इंग्रजीत सांगितलं, "तो विचारतोय, वाळूत जिचे ठसे आहेत ती अनवाणी बाई कुठे गेली?"

आम्ही सगळे परत वाळूत उतरलो. माझ्या बुटांच्या ठशांमागे अनवाणी पावलांचे ठसे होते. लहान पाय, बोटं फाकलेली, जन्मात चप्पल न घातलेल्या माणसाची असतात तशी. नदीच्या ऐन मध्यावर ते सुरू झाले होते. त्याआधी चारी बाजूंनी कोरी वाळू. आणि वर काठावरच्या मातीत, मी बसले होते तिथे, माझ्या मागे हातभर अंतरावर, ते संपले होते.

बांदाने टोपी काढून हातात घेतली. दादा म्हणाला, "लाकडं येचणारी कोणी बाई असंल." पण ते त्याचं त्यालाच पटलेलं वाटत नव्हतं. अभयारण्यात लाकडं वेचायला कुणाला येऊ देतात? आणि मराठी?

घरी आल्यावर नात्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या बायका आठवून पाहिल्या. आई नव्हे, आजी नव्हे, आत्या नव्हे. तो आवाज माझ्या ओळखीचा नाहीच. ठशांचा फोटो मोबाईलमध्ये आहे. कॉलेजातल्या मैत्रिणीला दाखवला तर ती म्हणाली, "मॅडम, अनवाणी कुणीही चालू शकतं." खरंच आहे. मीही हेच म्हणाले असते. आवाजाचा फोटो कुठून आणू?

ओढूनताणून मी उत्तर तयार करणार नाही. ती कोण होती, एवढ्या लांब कशी आली, ठाऊक नाही. जी कोणी होती तिला, मी जगावं, असं वाटत होतं... एवढंच मला माहीत आहे.