रिकामी यायची बाटली

प्रयोगशाळेत कुणी नवा रेनकोट घालून आलं की माझं डोकं फिरतं. पाणी झटकणारं कापड, न चिकटणारा तवा, नळाला गुंडाळायची पांढरी टेप, या सगळ्यांत फ्लोरिनची रसायनं असतात आणि मी शोधते तीही तीच. तीही इतकी थोडी, की हाताला लावलेल्या क्रीमनं आकडा बिघडू शकतो. नागपुरातल्या मैत्रिणी मला सोवळ्यातली बाई म्हणतात. म्हणोत बापड्या.

पण एकदा नमुने घरचे होते. तुमसर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. तिथे भांड्यांवर नॉनस्टिकचा लेप चढवणारा एक लहानसा कारखाना आला आणि पुढे तलावाच्या काठाला फेस दिसू लागला. दादा त्या तलावात मासे पाळतो. वहिनीला सातवा महिना होता आणि घरात रोज तेच मासे शिजायचे.

"तू एवढी मशीनवाली, पाहून दे न बाई," दादा फोनवर म्हणाला. "तिले खाऊ देऊ का नोको, एवढंच सांग."

आमच्या मॅडमनी परवानगी दिली. मी धुतलेल्या बाटल्यांचं खोकं एसटीनं पाठवलं आणि फोनवर दादा-वहिनीला बजावलं: जुने सुती कपडे घाला, हाताला साबण नको, तेल नको, काही नको. खोक्यात एक बाटली भरलेली होती, आमच्या शुद्ध पाण्याची. ती तलावाकाठी उघडून तिच्यातलं पाणी दुसऱ्या, कोऱ्या बाटलीत ओतायचं. त्या ओतलेल्या पाण्यात रसायन निघालं, तर दोष तलावाचा नाही, आपल्या हाताळणीचा. दादानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि तसंच केलं.

खोकं परत आलं. यंत्र सुरू झालं. रोज पन्नास अनोळखी बाटल्या मी थंडपणे तपासते, त्या दिवशी मात्र पडद्यावरची रेघ वर चढेल की काय या भीतीनं मला धड बसवेना. तलावाच्या तिन्ही बाटल्यांची रेघ सपाट निघाली, काठावर ओतलेल्या पाण्याचीही. मी दादाला सांगायला फोन हातात घेतलाच होता.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "आपल्या शुद्ध पाण्याची मूळ बाटली बघ."

रेघ सरळ वर गेली होती. इतकं रसायन मी पिण्याच्या पाण्यात कधी पाहिलं नव्हतं. मॅडम वैतागल्या. हाताळणीत घोळ, सगळे नमुने बाद, असं त्यांनी सांगून टाकलं. मला दादाचा असा राग आला! एवढं घोकून घेतलं आणि शेवटी केलीच माती.

पण गणित जुळेना. तलावाकाठी ओतलेलं पाणी स्वच्छ होतं. मग ते ज्या बाटलीतून ओतलं, तिच्यातलंच पाणी घाण कसं? आम्ही पुन्हा तपासलं. तेच आलं. मी ती बाटली उचलून उजेडात धरली. गळ्यापर्यंत भरलेली होती. ओतून झाल्यावर ती रिकामी यायला हवी होती.

मी घरी फोन लावला. वहिनीनं उचलला. ओतल्यावर उरलेल्या बाटलीचं काय केलं, विचारलं.

"भरून देल्ली न," ती म्हणाली. "दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं वापस करू, बाई? साखर टाकनार होती, पन तुमी म्हटलं का कायचा हात लावू नोका. म्हनून आपल्या हिरीचं पानीच भरलं. सोच्छ हाय आपलं पानी."

आमची विहीर घरामागे. तिच्यापलीकडे भाताच्या दोन बांध्या सोडल्या की तो कारखाना. गावातले सगळे फेसाकडे बघत बसले होते आणि मीही फक्त तलावाच्याच बाटल्या पाठवल्या होत्या. मॅडमनी माझा चेहरा पाहिला आणि खुर्ची पुढे सरकवली. मी बसले नाही.

"काहून जी, का झालं?" वहिनीनं विचारलं. "मासे खराब निंघाले का?"

"मासे नाही, वहिनी. तलाव चांगला हाय." मी म्हणाले. "हिरीचं पानी पिऊ नोका. सैपाकालेबी घेऊ नोका. आत्तापासून."



"मासे त मी भेवानं कवाच सोडले, बाई," ती म्हणाली. "डाक्टरीन म्हने पानी भरपूर पेत जा. मी पानीच पेऊन राहिली होती."