पाय बधिर, माणूस जागा

पूर्ण भूल दिली की पेशंट झोपतो आणि किस्साही झोपतो! पण आमच्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात खुबा मोडून येणारी म्हातारी माणसं फार. अशांना मी जमेल तिथं नसेजवळ सुई देऊन फक्त पाय बधिर करते. म्हणजे माणूस जागा. आणि जागा माणूस बोलतो. ते बोलणं मग माझ्याकडंच साठत राहतं.

*

बेळगुंदीचे एक जुने पैलवान गुडघ्याच्या ऑपरेशनला आले होते. इंजेक्शननंतर पांघरुणाखाली हात घालून त्यांनी मांडी चाचपली आणि दचकले.

"मॅडम, ही कुणाची मांडी?"

"तुमचीच की, पैलवान!"

पुन्हा चाचपली. "माझी? एवढी बारीक कवा झाली?"

*

नस शोधायला सोनोग्राफीचं मशीन लागतं. येळ्ळूरच्या एक मावशी, साठीतल्या, मूलबाळ नसलेल्या. मांडीवर गार जेल लावलं, स्क्रीन सुरू झाला, तशा हसायला लागल्या.

"काय झालं, मावशी?"

"ह्या मशीनखाली एकदा तरी झोपायचं लई मनात होतं बघा. झोपले, ते मोडक्या पायासाठी!"

सिस्टरनं तोंड फिरवलं. मला नस लवकर सापडेना.

*

चिकोडीच्या आक्का खुबा मोडून कण्हत आल्या. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी, तोवर दुखू नये म्हणून नस बधिर केली. थोड्या वेळात आक्का चक्क हसायला लागल्या!

"बरं झालं की! आता कापायचं कशाला?"

हाड अजून मोडलेलंच आहे, हे मी मराठीत सांगितलं, मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं. पोरं आईच्या बाजूनं! गाडीत घालून नेताना आक्कांनी माझ्या गालावरनं हात फिरवला. "हाताला गुण हाय गं तुझ्या."

त्या पुन्हा चालल्या नाहीत, असं नंतर कळलं.

*

आणि निपाणीचे आप्पा. आईच्या बाराव्याला भांडण झालं, तेव्हापासून धाकट्या भावाशी बोलणं बंद. खुब्याचं ऑपरेशन करून आप्पांना वॉर्डात आणलं, ते डोळे मिटून पडलेले. दुपारी धाकटा दारात येऊन उभा राहिला.

"जागा हाय काय?"

"झोपलेत," मी म्हटलं. "पायही बधिर आहे, काही कळायचं नाही."

तसा तो आत आला. पायथ्याशी बसून बराच वेळ भावाचा तळवा चोळत राहिला. जाताना म्हणाला, "मी आलतो म्हणून सांगू नका."

मी सांगितलं नाही.

संध्याकाळी राउंडला गेले तेव्हा औषध उतरलं होतं.

"आप्पा, दुखतंय का?"

"न्हाय."

मग भिंतीकडं बघत म्हणाले, "पण मॅडम, उद्या दुपारी परत बधिर करा की."